खाणमालक आमदार होतो तेव्हा

मिरामारच्या वाळूवर भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे. दर १२ ऑगस्टला तिथे हार पडतात, मंत्री येतात, छायाचित्रे निघतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ती जागा पुन्हा वाऱ्याची आणि फिरायला येणाऱ्यांची होते. हार घालणाऱ्यांच्या रांगेत आज अशी पुष्कळ माणसे दिसतात, ज्यांचा धंदा जमिनींचा, हॉटेलांचा, खनिजाचा किंवा बांधकामाचा आहे आणि आमदारकी हा त्याच धंद्यावर चढवलेला आणखी एक मजला आहे. तुम्ही त्यांना जाब विचारायला गेलात की त्यांचे उत्तर तयार असते. भाऊसाहेब तरी कोण होते? खाणमालकच ना? मग आम्ही धंदेवाल्यांनी विधानसभेत बसू नये असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

शेतकरी बंधूंनो, रापणकार बंधूंनो, आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या भगिनींनो, हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. भाऊसाहेब खाणमालक होते हे खरे. पण त्या खाणमालकाने आमदार होऊन काय केले आणि काय केले नाही, याचा हिशेब आपण एकदा नीट मांडून ठेवला पाहिजे. तो मांडला नाही तर प्रत्येक नवा शेटजी भाऊसाहेबांचे नाव आपल्या दुकानाच्या पाटीवर रंगवून घेईल. आम्ही भाऊसाहेबांचे चाहते आहोत, हे आधीच सांगून टाकतो. पण आपल्या माणसाची खातेवही तपासायला लाज कसली?

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म १९११ चा, पेडण्याचा. पोर्तुगीज अमदानीत बहुजनसमाजातल्या मुलाला सरकारी खुर्ची नव्हती, भाटकारी नव्हती आणि वशिलाही नव्हता. त्याला उरत होता तो व्यापार. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याच्या लोहखनिजाला परदेशी गिऱ्हाईक मिळाले, जपानची मागणी वाढली, मांडवी-झुआरीतून खनिजाच्या बार्जी मुरगाव बंदराकडे धावू लागल्या, आणि ज्यांनी वेळेवर हात घातला ते दहा-पंधरा वर्षांत गबर झाले. बांदोडकर त्यांतलेच एक. इतरांत आणि त्यांच्यात फरक एवढाच की पैसा आल्यावर त्यांचे दार बंद झाले नाही. शाळेला, देवळाला, खेळाला, अडल्यानडल्याला त्यांनी हात मोकळा ठेवला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा मंत्री होण्याआधीच हा माणूस खेडोपाडी ‘भाऊ’ झालेला होता.

१९६३ ची निवडणूक आजच्या तरुणांनी समजून घेण्यासारखी आहे. गोव्याला मुक्त करणाऱ्या नेहरूंचा काँग्रेस पक्ष आपणच निवडून येणार अशा थाटात उभा होता. त्याच्या उमेदवारांत मोठी नावे होती, मोठी घराणी होती, भाटकार होते. मगो पक्ष नुकताच जन्मलेला, निशाणी सिंहाची, आणि उमेदवार असे की ज्यांची नावे पणजीच्या क्लबांत कोणी ऐकली नव्हती. ९ डिसेंबरला मतदान झाले. गोव्याच्या २८ जागांपैकी मगोच्या बाजूला १६ आल्या, जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सला १२. गोव्याच्या भूमीवर काँग्रेसला एकही नाही! कुळाने भाटकाराच्या तोंडासमोर मान डोलावली आणि मतपेटीत सिंहावर शिक्का मारला.

आणि गंमत पाहा, ज्याच्या नावावर हे सारे घडले तो स्वतः निवडणुकीला उभाच नव्हता. २० डिसेंबरला बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि मग मडकईची पोटनिवडणूक लढवून आमदार झाले. अशा तऱ्हेने एक व्यापारी आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात, समोर सिक्वेरांसारखा कसलेला विरोधक, सभापतीच्या आसनावर पां. पु. शिरोडकर, अशा सभागृहात येऊन बसला. इंग्रजी भाषणबाजीत हा माणूस तरबेज नव्हता. तो हिशेबात तरबेज होता.

हा हिशेब तुमच्या शेतात कसा उतरला ते सांगतो. मुक्तीपूर्वी कित्येक ठिकाणी कूळ आपल्या पिकाचा अर्धा वाटा भाटकाराच्या कोठारात पोचवीत असे. बी तुझे, बैल तुझे, घाम तुझा, आणि रास मात्र दोघांची. १९६४ साली गोवा, दमण व दीव कूळ कायदा झाला. त्याने खंडाची कमाल मर्यादा पिकाच्या एक-षष्ठांशावर आणली आणि कुळाला मनास येईल तेव्हा हुसकून लावण्यास आडकाठी घातली. घरातल्या पोराला पाटीवर मांडायला सांगा. बारा खंडी भात पिकले. अर्धेलीने सहा खंडी गेले असते, कायद्याने दोन खंडी गेले. चार खंडी भात घरात राहिले. ते चार खंडी म्हणजे पावसाळ्यातली चार महिन्यांची पेज, पोराची वही, म्हाताऱ्याचे औषध. ज्यांना राजकारण म्हणजे नुसती भाषणे वाटतात त्यांनी हे चार खंडी विसरू नयेत.

याच सुमारास खेड्यांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या वाड्यावर पूर्वी अक्षर पोचत नव्हते तिथे मास्तर पोचला. आज हा अग्रलेख तुमच्यापैकी पुष्कळजण स्वतः वाचत आहेत, दुसऱ्याकडून वाचून घेत नाहीत. त्याची मुळे त्या शाळांत आहेत. सहाच यत्ता झालेल्या कुळाच्या पोराने मामलेदाराच्या कचेरीत जाऊन आपला अर्ज आपण लिहिला, हे भाटकाराच्या कारकुनाला किती झोंबले असेल!

आता जरा अवघड भागाकडे येऊ. खाणमालकाने भाटकारीवर घाव का घातला? माणूस गरिबीतून वर आला होता, मनाने दिलदार होता, हे खरेच. पण आणखी एक गोष्ट आहे, जी त्यांचे भक्त सांगत नाहीत. त्यांची संपत्ती भाताच्या खंडावर उभी नव्हती. भाटकाराचे कोठार निम्मे झाले म्हणून खाणवाल्याचा एक टनसुद्धा कमी होत नव्हता. जो धंदा आपला नाही त्या धंद्याला कायद्याचा चाप लावणे धंदेवाल्याला सोपे जाते. यात भाऊसाहेबांचा कमीपणा नाही, कारण पुष्कळांना तेवढेही करवत नाही. पण तुमच्या उमेदवाराला तपासायची ही फार उपयोगी फूटपट्टी आहे. त्याचा पैसा कशात अडकलेला आहे ते आधी पाहा, मग तो कोणत्या विषयावर गप्प बसतो ते पाहा.

खनिजाचेच घ्या. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतल्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. डोंगर वरून सोलला, मातीचे ढिगारे उतारावर टाकले, पहिला जोराचा पाऊस झाला की तांबडा चिखल ओढ्यातून खाली आला आणि वायंगणाच्या शेतात थर देऊन बसला. त्या शेतात मग भात उगवत नाही, आणि उगवले तर पोसत नाही. विहिरीचे पाणी खाणीच्या खड्ड्याकडे ओढले जाते. या चिखलाविरुद्ध कूळ कायद्याच्या तोडीचा कायदा त्या दहा वर्षांत झाला नाही. न्यायाने सांगायचे तर खाण हा विषय मुख्यतः दिल्लीच्या हातातला. पोर्तुगीजांनी दिलेले परवाने तसेच चालत आले, आणि १९८७ साली संसदेने ते रद्द करून त्यांचे भाडेपट्टे केले. संघप्रदेशाच्या विधानसभेचे हात आखूड होते. तरीपण आखूड हातानेसुद्धा टेबलावर मूठ आपटता येते. ती आपटल्याचा आवाज आम्हांला ऐकू आला नाही. पुढे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या आणि २०१८ साली नूतनीकरण केलेले पट्टे रद्द ठरवले. म्हणजे जे काम निवडून दिलेल्यांनी करायचे ते न्यायाधीशांना करावे लागले, आणि ट्रकवाला, बार्जवाला, खाणीवरचा मजूर हे सगळे एका रात्रीत घरी बसले.

मच्छीमारांचा हिशेब याहून निराळा आहे आणि त्यात भाऊसाहेबांचा स्वार्थ शोधूनही सापडत नाही. तिथे नडला तो व्यापाऱ्याचा यंत्रावरचा विश्वास. साठीच्या दशकात यांत्रिक बोटींसाठी सरकारी कर्जे आणि सवलती आल्या. मासळी जास्त निघेल, निर्यात होईल, कोळंबीला परदेशी भाव मिळेल, हे गणित चुकीचे नव्हते. पण कर्जाला तारण लागते. रापणीवर तीस-चाळीस जण एक दोर ओढतात आणि मिळेल ते वाटून घेतात, त्यांच्यापाशी तारण कसले? फाटके जाळे आणि भाटकाराच्या माडात उभी केलेली झोपडी! कर्ज गेले ते ज्याच्यापाशी आधीच काही होते त्याच्याकडे. ज्याच्या बापजाद्यांनी कधी समुद्रात पाय बुडवला नव्हता तो ट्रॉलरचा मालक झाला. मग पर्ससीनची जाळी आली. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी, जिथे मासळी अंडी घालते, तेच खरवडून निघाले. रापणीच्या जाळ्यात समुद्री शेवाळ आणि निराशा यांखेरीज काही येईना.

सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर रापणकार संघटित झाले, उपास केले, मोर्चे काढले, मार खाल्ला. माथानी साल्ढाणांसारखा शाळामास्तर त्यांच्या पुढे चालला. त्यातून १९८० साली सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि यांत्रिक बोटींना किनाऱ्यापासून पाच किलोमीटर बाहेर राहण्याचे बंधन आले. तेव्हा भाऊसाहेबांना जाऊन सात वर्षे झाली होती. कुळाला कायदा मिळाला तो सत्तेवर आपला माणूस होता म्हणून, आणि रापणकाराला मिळाला तो त्याने रस्त्यावर उतरून ओढून आणला म्हणून. दोन्ही वाटा ध्यानात ठेवा. आणि आजही रात्री किनाऱ्यावर उभे राहून पाहा. एलईडीच्या प्रखर दिव्यांनी मासळी ओढून घेण्यावर २०१७ साली केंद्राने बंदी घातली आहे. क्षितिजावर उजेड दिसतो की नाही ते तुम्हीच सांगा.

भाऊसाहेबांच्या दानशूरपणाच्या गोष्टी गावोगाव आहेत. आम्ही त्यांतल्या बऱ्याच खऱ्या मानतो. पण आमच्या मते त्या गोष्टींनी पुढे आपले नुकसानही केले. ‘भाऊंकडे जा, काम होईल’ ही सवय लोकांना लागली. भाऊ होते तोवर ठीक होते. भाऊ गेले, सवय राहिली, आणि ती जागा भरायला दुसरेच लोक आले. हे लोक चतुर्थीला तांदळाची पिशवी देतात, मंडळाला पखवाज देतात, क्रिकेटच्या पोरांना पोशाख देतात, आणि दर पाच वर्षांनी ती पिशवी वसूल करतात. कूळ कायद्याने वाचलेले चार खंडी भात कोणी उपकार म्हणून दिले नव्हते. ते परत मागायला कोणी येऊ शकत नव्हते. देणगी आणि हक्क यांत हे अंतर आहे. भाऊसाहेबांनी दोन्ही दिले, आजचे वारस पहिल्यावरच काम भागवतात.

विलीनीकरणाविषयी बोललो नाही तर वाचक आमचा कान धरतील. ज्या वचनावर मगो निवडून आला ते वचन होते महाराष्ट्रात विलीन होण्याचे. भाऊसाहेबांनी ते टाळले नाही. १९६५ साली विधानसभेत ठराव केला, दिल्लीच्या वाऱ्या केल्या, आणि जनमत कौल निष्पक्ष व्हावा म्हणून १९६६ च्या डिसेंबरात आपल्या हाताने आपले सरकार सोडले. कौलासाठी खुर्ची सोडणारा धंदेवाला आज दाखवा! १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाचे फूल, वेगळेपणाची दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते, पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांच्या अंतराने आपण हरलो.

त्यानंतर जे घडले ते आमच्यासारख्या विलीनीकरणवाद्यांना वर्षानुवर्षे खुपत आले आहे. त्याच २८ मार्चला निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी त्याच भाऊसाहेबांच्या पक्षाला पुन्हा १६ जागा देऊन गादीवर बसवले. दहा आठवड्यांत लोकांनी माणूस आणि घोषणा वेगवेगळी केली. विरोधकांनी भीती घातली, अमुक वर्तमानपत्राने विष कालवले, अशी कारणे आपण पुष्कळ सांगितली आणि त्यांत तथ्यही आहे. पण जे सिंहावर शिक्का मारीत होते त्यांतले कित्येकजण पानांकडे का वळले, हे विचारायला आपण त्यांच्या अंगणात गेलो नाही. कदाचित कुळाला वाटले असेल की आपला भाऊ पणजीत बसलेला बरा. मुंबईच्या सचिवालयाच्या जिन्यावर आपल्याला कोण ओळखणार? हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. त्याचे उत्तर आपण दिले नाही. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले आणि तो अध्याय मिटला.

१९७० साली त्यांच्याच पक्षातले काही आमदार बंड करून उठले. भाऊसाहेबांचा कारभार एकहाती आहे, पेढीवर बसल्यासारखा ते राज्य चालवतात, अशी तक्रार होती. सरकार तगले. तक्रार सर्वस्वी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पेढीच्या मालकाला मुनीम लागतात, भागीदार सोसत नाहीत. १९७२ साली लोकांनी मगोला १८ जागा दिल्या, म्हणजे बंडखोरांना जे काय सांगायचे ते सांगून टाकले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब मुख्यमंत्रीपदावर असतानाच वारले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर त्या जागी बसल्या. पेढी मुलीकडे गेली, असे तेव्हाही कोणी म्हणाले असेल.

पण ताईंनी वडिलांचे अर्धे राहिलेले काम पुढे नेले, हे मान्य केलेच पाहिजे. १९७५ साली मुंडकारांना हुसकावण्याविरुद्ध संरक्षणाचा कायदा आला. १९७६ साली कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणारा कूळ हाच जमिनीचा खरीददार मानला गेला. एक-षष्ठांश खंडाचीही गोष्ट संपली, जमीनच त्याची. भाटकार न्यायालयांत गेले, वर्षानुवर्षे खटले लढले. ताईंचे सरकार १९७९ च्या एप्रिलात पडले, कायदा मात्र उभा राहिला.

उभा राहिला, पण तुमच्या नावावर उतरला का? इथे आपलीही चूक आहे. खाजनाचा बांध भाटकार आणि गावकरी पूर्वी राखीत होते. कायद्याने जमीन कुळाकडे आली तेव्हा बांध राखण्याची जबाबदारी कुळांच्या संघाकडे आली आणि मानशीच्या लिलावाचा पैसाही. कित्येक ठिकाणी संघाची माणसे लिलावापुरती जमली आणि बांधाला भगदाड पडले तेव्हा सापडली नाहीत. मानस घेणाऱ्याने मासळीसाठी दारे उघडी ठेवली, खारे पाणी शेतात आले, आणि शेत पडीक पडले. पडीक शेतावर मग कोणाचा डोळा असतो ते तुम्हांला माहीत आहे. २०१४ साली कूळ कायद्यात दुरुस्ती करून खटले मामलेदाराकडून दिवाणी न्यायालयाकडे नेण्याचा घाट घातला गेला आणि अर्जांना मुदत बांधली गेली. वकील लावण्याची ऐपत नसलेल्या कुळाने ओरड केली तेव्हा सरकारला पुढे मागे फिरावे लागले. त्या वेळी सभागृहात बसलेल्या धंदेवाल्यांपैकी किती जणांचे जमिनीत हितसंबंध होते, याची यादी कोणी छापली नाही.

म्हणून या वेळी तुमच्या अंगणात मोटार येऊन थांबली आणि आतून उतरलेल्या शेटजींनी भाऊसाहेबांचे नाव घेतले, तर त्यांना बसायला पाट द्या, पाणी द्या, गूळ द्या, आणि विचारा. शेटजी, तुमच्या नावावर आमच्या गावात किती जमीन आहे, आणि ती कधी घेतली? तीवर कूळ होते का? कुळांचे अर्ज मामलेदाराकडे पडून आहेत, त्यांच्यासाठी विधानसभेत कितीदा उभे राहिलात? पाच किलोमीटरच्या आत शिरलेली बोट तुमच्या नातेवाइकाची निघाली तर काय कराल? उत्तर काय देतात त्यापेक्षा कोणत्या प्रश्नाला घड्याळाकडे पाहतात ते ध्यानात ठेवा.

तिसवाडीतले एक वृद्ध शेतकरी मागच्या महिन्यात आमच्याकडे आले होते. पत्र्याच्या डब्यात खंडाच्या जुन्या पावत्या. सर्वांत जुनी १९६६ ची, कागद विटून गेला आहे पण आकडा वाचता येतो. त्यांच्या वडिलांनी एक-षष्ठांश भरले त्याची ती पावती. वडील गेले, भाटकार गेले, भाटकाराचे पोर परदेशी गेले, जमिनीवर कुंपण घालायला भलताच कोणी येऊन उभा आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात अजून वडिलांचे नाव आहे, मालकाच्या रकान्यात भाटकाराचे. आम्ही त्यांना त्या पावतीची साक्षांकित नकल करून घ्यायला सांगितले आणि अस्सल कोणाच्याही हाती देऊ नका असे बजावले. ज्यांच्या घरी असा डबा आहे त्यांनी हेच करावे. त्यांच्या अर्जाची सुनावणी पुन्हा पुढे गेली आहे. नवी तारीख पडली आहे ती सोरदीची कापणी झाल्यानंतरची.